लहान मुलांचं दुखणं

माझ्या पोटात काहीतरी वाढतंय, हे मला सगळ्यात आधी माझ्या कुर्त्यानं सांगितलं.

मी बायकांचे कपडे शिवते. राजारामपुरीतल्या एका गल्लीत घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान आहे. दोन मशिनी, कापायचं एक टेबल आणि खुंटीला लटकवलेले ब्लाउज. तेव्हा मला चौतिसावं वर्ष चालू होतं. दसऱ्याच्या सुमाराला माझाच एक जुना कुर्ता डाव्या बाजूला ओढायला लागला. बाई अंगानं भरली की कपडा दोन्हीकडून तटतो, एवढं या धंद्यानं मला शिकवलंय. माझा एकाच बाजूनं तटत होता. मी डावी शिवण उसवली, अर्धा इंच सोडला आणि परत टीप मारली. उजवी होती तशीच ठेवली. दिवाळीचे कपडे डोक्यावर होते, त्यामुळे त्यावर जास्त विचार केला नाही.

दिवाळी झाल्यावर तोच कुर्ता पुन्हा तटला. या वेळी आत सोडायला कापडच उरलं नव्हतं. मी कात्री खाली ठेवली. गिऱ्हाईक असतं तर मी तिला तिथंच म्हटलं असतं, 'वैनी, एकदा डॉक्टरला दाखवून या.' स्वतःला मात्र म्हणाले, की पायमशिनवर वाकून बसतेस, म्हणून अंग एकीकडं कललंय.

मग जानेवारीत एका सकाळी लघवी लाल झाली. फिकट नव्हे, बीट उकडलेल्या पाण्यासारखी. मी न्हाणीत भिंतीला धरून उभी राहिले. बाहेर माझी सहा वर्षांची मुलगी वेणीसाठी रिबिनी घेऊन हाका मारत होती आणि मी तांब्यामागून तांब्या पाणी ओतत होते.

नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर कामाला आहे. डबा पिशवीत घालत होता. मी हळूच सांगितलं.

"अहो, लघवीतनं रक्त आलंय."

"दुखतंय काय?"

"दुखत न्हाय. या अंगाला जड जड वाटतंय."

"मुतखडा असंल. दादाला झालता की गेल्या साली. पाणी पी जरा. दिवसभर मशिनवर बसतीस, पाणी कुठं पितीस?"

तेही खरंच होतं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या कुंडीतली पानफुटीची पानं दिली. रोज सकाळी उपाशीपोटी दोन पानं चावून खायची. मी तीन आठवडे खाल्ली. एक गिऱ्हाईक म्हणाली, वाडीला जाऊन दत्ताला साकडं घाला. आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे, नवस-सायास करायची रीत नाही, तरी त्या दिवसांत मनातल्या मनात मी कुणाकुणाकडं काय मागितलं ते माझं मला माहीत. मला तो खडाच हवा होता. खड्यावर औषध असतं. खडा पडून जातो.

रक्त मधे आठ दिवस थांबलं आणि परत आलं, तेव्हा मी सोनोग्राफीला गेले. एकटीच गेले. नवऱ्याची दिवसपाळी होती, आणि खड्यासाठी माणसाला सुट्टी काय काढायला लावायची!

सोनोग्राफीच्या डॉक्टरबाई मोकळ्या होत्या. पोटावर गार जेल लावत मला विचारत होत्या, पैठणीवरच्या ब्लाउजला कुठला गळा शोभेल. मी म्हटलं, बोटनेक शिवू. त्यांनी ते यंत्र डाव्या कुशीवर आणलं आणि बोलणं मधेच तुटलं. एकाच जागेवर त्यांनी तीन बाजूंनी दाबून बघितलं. पडद्यावर टिकटिक करत मापं घ्यायला लागल्या. मापं घेणारी बाई कधी गप्प होते ते मला ठाऊक आहे. नेहमीपेक्षा वेगळं माप आलं की मीही गप्पच होते, आणि टेप परत एकदा लावून बघते.

"बरोबर कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. एकटीच आलेय."

"मिस्टरांना फोन करा."

"खडा मोठा आहे काय?"

त्यांनी माझ्या हातात पोट पुसायला कागद दिला. "खडा नाहीये," एवढंच म्हणाल्या.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आठवणीत एकात एक मिसळलेत. सीटी स्कॅन झाला. सर्जननी फिल्म उजेडात धरून दाखवली. डाव्या मूत्रपिंडात गाठ होती, नारळाएवढी. मूत्रपिंड गाठीसकट काढावं लागेल, एका मूत्रपिंडावर माणूस नीट जगतो, असं त्यांनी सांगितलं. नवऱ्यानं एकच प्रश्न विचारला, "कॅन्सर हाय काय?" सर्जन म्हणाले, बहुतेक हो, पण काढून तपासल्याशिवाय कुठला ते सांगता येणार नाही.

कागलच्या पुढं, सीमेजवळच्या गावाहून माझी आई आली, ती दोन लुगडी पिशवीत घालून. मुलीला तिच्या स्वाधीन करून मी भरती झाले. ऑपरेशन नीट झालं. काढलेली गाठ नवऱ्याला बोलावून दाखवली होती. बघून आल्यावर तो दोन दिवस धड जेवला नाही, हे आईनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

रिपोर्ट आठ दिवसांत येणार होता. आठाचे पंधरा झाले. मग सर्जनचा फोन आला, की रिपोर्ट जरा वेगळा वाटतोय, गाठीच्या तुकड्यांच्या काचपट्ट्या तपासायला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवल्यात, घाबरू नका. 'घाबरू नका' म्हटल्यापासून मी खरी घाबरले. तोवर पोटावरच्या टाक्यांकडं लक्ष होतं. आता ते टाके दुखले तरी कळेनात. फोन वाजला की मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहायची आणि आईला म्हणायची, तू घे.

शेवटी कॅन्सरच्या डॉक्टरांनी बोलावलं. चाळिशीचे असतील. आम्ही दोघं समोर बसलो. टेबलावर माझी फाइल उघडी होती आणि ते तिच्याकडं बघत होते.

"याला विल्म्स ट्यूमर म्हणतात," ते म्हणाले. "मुंबईचा रिपोर्टही तोच आलाय. हा मूत्रपिंडाचा कॅन्सर आम्ही लहान मुलांत बघतो. तीन वर्षं, चार वर्षं, अशा वयात."

नवरा म्हणाला, "म्हंजे ल्हान पोरांचा? मग हिला कसा झाला?"

"मोठ्या माणसांत फार क्वचित होतो. पण होतो."

मला त्या क्षणी हसू फुटलं. नवऱ्यानं चमकून बघितलं. मला वाटलं, आता हे फाइल मिटतील आणि म्हणतील, कुणा दुसऱ्याचा कागद तुमच्यात आलाय. त्यांनी फाइल मिटली नाही. कागद उलटा करून त्यावर त्यांनी पेनानं मूत्रपिंड काढून दाखवलं. बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा मूत्रपिंड तयार करणाऱ्या काही पेशी असतात. बाळ जन्मायच्या सुमाराला त्या आपलं काम संपवतात. एखाद्यात थोड्या तशाच कच्च्या राहून जातात, आणि कधीतरी वाढायला लागतात.

"माझ्यात त्या चौतीस वर्षं होत्या?" मी विचारलं.

"तसं असू शकतं. नक्की सांगता येत नाही."

"मुलं बरी होतात?"

"बरीचशी होतात. खूप चांगली होतात."

"आणि मोठी माणसं?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "खरं सांगतो. मोठ्या माणसातली ही केस मी स्वतः आजवर बघितलेली नाही. वाचलेली आहे. मोठ्या माणसांना मुलांइतकं सोपं जात नाही, कारण औषधं त्यांना जास्त सोसावी लागतात आणि आजार उशिरा कळतो. पण मुलांचीच औषधं पूर्ण दिली तर मोठी माणसंही बरी झालीयेत. मी मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोललोय. तुमचे उपचार आम्ही दोघं मिळून करू."

त्यांचा खरेपणा मला आज मोलाचा वाटतो. त्या दिवशी मात्र तो मला नको होता. ज्यानं वाचवायचं त्यालाच हे पहिल्यांदा दिसतंय! जिना उतरताना मी नवऱ्याचा दंड धरला होता.

घरी आल्यावर नवऱ्यानं आईला सगळं सांगितलं. सांगताना 'आईच्या पोटात असल्यापासनं' हे शब्द त्याच्या तोंडून गेले. त्याच्या मनात काही नव्हतं. पण आई ताटावरून उठली.

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. स्वयंपाक करायची, नातीची वेणी घालायची, माझं अंग पुसायची, सगळं मुक्यानं. माझ्या अंगाला हात लावताना तिची बोटं मागं-मागं सरायची. मला वाटलं, मी मरणार हे हिला कळलंय. चौथ्या दिवशी मेथी निवडताना ती एकदम म्हणाली,

"तुज्या येळंला मी वखारीत हुतो."

आई स्वतःबद्दल बोलताना असंच 'हुतो' म्हणते, तिच्या गावच्या बायका म्हणतात तसं. वखार म्हणजे तंबाखूची. लग्नानंतर बरीच वर्षं ती तिथं तंबाखू कुटायला, चाळायला जायची.

"सात म्हैने भरस्तवर जात हुतो. तंबाखूचा भुकटा नाकातोंडात जायाचा. दुपारचं तिथंच पोत्यावर आडवी व्हायाची. तुजा बाप म्हनला हुता, नगं जाऊस. मी ऐकलं न्हाय. ते तवाच तुज्या पोटात गेलं."

"आई, तसं काय नसतंय."

"मग तुजं मूत्रपिंड कच्चं कसं ऱ्हायलं?"

याचं उत्तर मलाही कुणी दिलं नव्हतं. तिला समजवायच्या ऐवजी मीच घाबरले. कारण ती बोलल्याबरोबर माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या मुलीचा. तिच्या वेळी मी काय काय केलं होतं? नवव्या महिन्यापर्यंत मशिन चालवलं होतं. सर्दीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. आणि माझ्यातलं हे कच्चं राहिलेलं काहीतरी तिच्यातही उतरलं असेल तर?

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी आई हट्टानं बरोबर आली. डॉक्टर राउंडला आले तशी पदर खोचून त्यांच्यापुढं उभी राहिली.

"डाक्टर, हिच्या येळंला मी तंबाखूच्या वखारीत कामाला हुतो. खरं सांगा. त्येच्यानं झालं काय?"

"नाही आजी. तुमचा काही दोष नाही."

"मग कशानं झालं?"

"ते आम्हालाच नीट ठाऊक नाही."

"ठाव न्हाय, तर मग माज्यानं न्हाय झालं हे कसं ठाव?"

वॉर्डातली नर्स थबकली. डॉक्टरांनी स्टूल ओढलं, तिला बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर उकिडवे बसले.

"आजी, तुमच्याबरोबर वखारीत किती बाया होत्या?"

"पुष्कळ. मोजल्या न्हाईत."

"त्यातल्या बऱ्याच जणी पोटुशी असताना कामाला येत असतील. त्यांच्या कुणाच्या लेकराला असं झालं?"

आईनं खरोखर एकेक घर आठवून बघितलं. ओठ हलत होते तिचे. "न्हाय," ती शेवटी म्हणाली.

"आणि ज्यांच्या आया कधी वखारीच्या दारातसुद्धा गेल्या नाहीत, त्यांच्याही मुलांना हे होतं. या वॉर्डात आहेत. विचारा त्यांना."

तिचं पुरतं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून माझ्या अंगावरून हात फिरवताना तिची बोटं मागं सरेनाशी झाली.

वॉर्डात खरंच ती मुलं होती. मुलांचे डॉक्टर ज्या दिवशी यायचे त्याच दिवशी मलाही बोलवायचे, त्यामुळे माझी इंजेक्शनं मुलांच्या खोलीत व्हायची. भिंतीवर हत्ती-जिराफ रंगवलेले. खाट आखूड, माझे पाय बाहेर यायचे. पहिल्याच दिवशी गगनबावड्याकडची एक बाई शेजारी बसली होती. तिची चार वर्षांची मुलगी सलाइनचा स्टँड ढकलत खोलीभर फिरत होती. डोक्यावर एक केस नाही, कानात मात्र डूल. ती बाई मला म्हणाली,

"तुमचं लेकरू कुठाय? आत न्हेलंय काय?"

"मीच हाय," मी म्हटलं.

तिला समजेना. मग मी आजाराचं नाव सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला. तिच्या मुलीलाही तेच होतं. तेच मूत्रपिंड, तीच डावी बाजू. त्या बाईच्या डोळ्यांत मला दया दिसली आणि त्या दयेखाली दुसरंही काहीतरी दिसलं. भीती. तिला वाटलं असणार, की हे आता बरं झालं तरी तिच्या लेकीच्या मोठेपणी पुन्हा येऊ शकतं. तिनं तसं विचारलंही. मी म्हटलं, माझ्यात पहिल्यांदाच आलंय, डॉक्टरना विचारा. पण पुढचे दोन आठवडे ती माझ्यापासून दूरच्या खाटेवर बसली. मला राग आला नाही. मीही तसंच केलं असतं.

ती मुलगी मात्र माझ्याकडं यायची. सुई टोचताना ती मोठ्यानं बोंब मारायची, पाच मिनिटांनी विसरून बिस्कीट खायची. मला विसरता येत नव्हतं. आदल्या दिवसापासूनच माझ्या तोंडाला त्या औषधाची चव यायची.

औषधांत एक लाल रंगाचं होतं. त्यानं लघवी लाल होते, हे नर्सनं सांगितलं होतं म्हणे, पण भीतीत ते माझ्या कानातच शिरलं नव्हतं. घरी येऊन न्हाणीत गेले आणि लाल धार बघून किंचाळले. मुलगी दाराबाहेर होती, ती माझा आवाज ऐकून किंचाळली, आणि आई हातात लाटणं घेऊन धावली. नर्सला फोन केल्यावर उलगडा झाला. आई जमिनीवर बसली आणि आम्ही तिघी रडलो. मुलगी कशासाठी रडते हे तिलाही माहीत नव्हतं.

केस गेले, त्याचं एवढं वाटलं नाही. बोटं गेली त्याचं वाटलं. दुसऱ्या एका औषधानं हातापायाच्या नसा दुबळ्या होतात. मुलांना ते बऱ्यापैकी सोसतं, मोठ्यांना जड जातं. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. मग सुईत दोरा ओवता येईना. पाऊल उचलताना पुढचा चवडा खाली पडायचा, चालताना फटफट आवाज यायचा. एका दुपारी बरं वाटत होतं म्हणून एका ब्लाउजला हूक लावायला बसले. पिस्ता रंगाचं रेशीम होतं. थोड्या वेळानं त्यावर लाल ठिपका दिसला, मग दुसरा. सुई माझ्या अंगठ्यात रुतलेली होती आणि मला काहीच कळलं नव्हतं. मी ती उपटली, तेव्हाही कळलं नाही. जगले-वाचले तरी पुढं करू काय, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

डॉक्टरांनी त्या औषधाची मात्रा कमी केली. बंद करायला तयार झाले नाहीत. "बोटं हळूहळू परत येतील," ते म्हणाले. "आजार परत यायला नको."

आता मुलीचं सांगते. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

डॉक्टरांना मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, की माझ्या मुलीला होईल काय. त्यांनी आमच्या दोन्ही घराण्यांची माहिती घेतली आणि म्हणाले, हे वारशानं येणं फार कमी, तुमच्यात तसं काही दिसत नाही, मुलगी धडधाकट आहे, उगाच तपासण्या नकोत. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून मी तिला अंघोळ घालताना टेप घेऊन बसायला लागले.

बेंबीवरून एक माप. बरगड्यांखालून एक. मग बेंबीपासून डावीकडं मणक्यापर्यंत आणि उजवीकडं मणक्यापर्यंत, दोन्ही सारखी येतात का बघायला. तिला सांगितलं, नवीन फ्रॉक शिवायचाय. ती रोज विचारायची, फ्रॉक कधी? गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत मागच्या पानावर मी तिची मापं लिहीत होते. माझ्या बोटांना टेपची कड नीट जाणवत नव्हती, त्यामुळे एकाच मापाला तीनतीनदा लावायची. ती ओली कुडकुडत उभी राहायची.

एक दिवस डावीकडं पाव इंच जास्त आलं. परत लावलं. परत तेच.

मी तिला शाळेत सोडलं नाही. युनिफॉर्ममध्येच रिक्षात घातलं आणि सोनोग्राफीला नेलं. आईला खोटं सांगितलं, शाळेत पालकसभा आहे. नवऱ्याला फोनही केला नाही. डोक्याला स्कार्फ, एक पाय फटफट आपटतोय, आणि हाताला धरलेली मुलगी. त्याच डॉक्टरबाई. त्यांनी मला ओळखलं. मुलीकडं बघितलं आणि म्हणाल्या,

"अहो, परत कशाला आणलंत हिला?"

"परत म्हणजे?"

"गेल्या महिन्यात हिचे वडील घेऊन आले होते की. सगळं नॉर्मल होतं. तुम्हाला बोलले नाहीत?"

मी बाकावर बसले. मुलगी म्हणाली, "पप्पा म्हणले, आईला सांगायचं नाही. मला आइस्क्रीम दिलं."

मी त्या पाव इंचाचं सांगितलं, तशी डॉक्टरबाईंनी तिला झोपवलं, यंत्र फिरवलं आणि पडदा माझ्याकडं वळवला. दोन्ही मूत्रपिंडं दाखवली, शेजारी शेजारी. "बघा. स्वच्छ आहेत. आता ती टेप बाजूला ठेवा. वाढत्या मुलीचं पोट आहे ते, सकाळी एक भरेल, संध्याकाळी एक."

नवरा कामावरून आला तेव्हा मुलगी दारातच त्याला म्हणाली, "पप्पा, मला आज पण पोटाला जेल लावलं." तो चप्पल काढता काढता थांबला. माझ्याकडं बघितलं. त्यानं हात-पाय धुतले, चहा घेतला आणि मग मशिनशेजारच्या स्टुलावर येऊन बसला.

"ऑपरेशनच्या टायमाला ती गाठ मला दाखवलीती," तो म्हणाला. "तवापासनं पोरीकडं बघाय लागलो की तेच दिसायचं. तुला सांगून तुझं भ्या कशाला वाढवू म्हटलं."

"मी पण तेच म्हटलं."

"रडू नगंस."

"तुम्ही पण रडताय की."

त्यानं मापांची वही मागितली. मागचं पान बघितलं, ओळींवरून बोट फिरवत राहिला. फाडलं नाही. वही मिटून कपाटावर ठेवली.

उपचार संपले तेव्हा पुढची दिवाळी होऊन गेली होती. शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टरांनी हात मिळवला आणि म्हणाले, आता नुसतं लक्ष ठेवायचं. लोकांना वाटलं, सुटली. पेढे आणले कुणी. मला मात्र त्या दिवशी वेगळीच धडकी भरली. औषध चालू होतं तोवर कुणीतरी त्या आजाराशी झगडत होतं. आता कुणीच झगडत नव्हतं. मी आणि तो आजार, दोघंच एका घरात उरलो होतो, आणि तो आहे की गेलाय हे मला माहीत नव्हतं. पाठीत साधी उसण भरली तरी मी पांढरी पडायची. नवरा म्हणायचा, काय झालं, आणि मी म्हणायची, काय न्हाय.

गगनबावड्याची ती बाई तपासणीच्या दिवशी भेटते. मुलीला केस आलेत, कुरळे. ती आता शाळेत जाते. बाई माझ्याजवळ बसते. सुरुवातीच्या त्या दोन आठवड्यांबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

आज तीन वर्षं होत आलीत. पाऊल सरळ पडतं. बोटं निम्मी परत आली. जाड कापड शिवते, रेशमी ब्लाउजचं बारीक काम दुसरीकडं पाठवते. तपासणी आली की आठ दिवस आधी घरात सगळ्यांचे आवाज बारीक होतात. आई गावाहून न बोलावता येते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांचा फोन आला. तपासणी नसताना फोन, म्हणून मी हातातली कात्री खाली ठेवली. ते म्हणाले, "घाबरू नका, तुमचं काही नाही. आजऱ्याच्या एक बाई आहेत. काजूच्या कारखान्यात काम करतात. तुमचाच आजार. त्यांना तुमचा नंबर देऊ का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी कटिंग करत होते.

"ताई, तुमीच काय त्या शिवणकामवाल्या?"

"व्हय, मीच."

"तुमास्नी बी त्योच झालता? ल्हान पोरांचा?"

"त्योच."

मग ती म्हणाली, "आनि तुमी हाय."

"हाय."

ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मग तिनं एकेक विचारलं. केस जातात काय. उलट्या होतात काय. बोटांचं खरं आहे काय, कारण काजू सोलायला बोटंच लागतात. मी खरं तेच सांगितलं, माझी निम्मीच परत आलीत, तुमची कदाचित पुरती येतील. तिचं लेकरू किती मोठं आहे ते विचारलं. आठ वर्षांचा मुलगा होता. त्याच्याबद्दलची भीती तिनं स्वतःहून काढली नाही. मीही सुचवली नाही.

"भ्या वाटतंय काय वो तुमास्नी अजून?" तिनं शेवटी विचारलं.

नाही म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. "वाटतंय," मी म्हटलं. "पहिल्यापरीस कमी. पर वाटतंय."

"बरं झालं सांगितलासा. समदी म्हंत्यात, भ्यायचं न्हाय. मला वाटलं माझंच काय तरी चुकतंय."

सोमवारी तिचं पहिलं इंजेक्शन होतं. मी दुकान बंद ठेवलं आणि गेले. माझ्याहून लहानखुरी निघाली, हिरव्या साडीतली, नवऱ्याच्या मागं मागं चालणारी. डॉक्टर आले, नर्सनं तिची शीर शोधली. सुई आत जाताना तिनं डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "ताई, काय तरी बोला की." मला काही आठवेना. म्हणून मी तिला विचारलं, आजऱ्याला तुम्ही काजूची उसळ कशी करता. तिनं डोळे मिटूनच सांगायला सुरुवात केली.